स्वागत-बॉटची वर्गणी बंद केली : मायक्रोनेशनमध्ये नवे सदस्य घेतानाचा वापरानंतरचा अनुभव

मायक्रोनेशन म्हणजे हौसेने जाहीर केलेलं, मान्यता नसलेलं छोटं राष्ट्र. आमच्या अशा राष्ट्रात नव्या माणसाचं आपोआप स्वागत करणारा प्रोग्राम, म्हणजे विकतचा स्वागत-बॉट होता. त्याची वर्षाची वर्गणी पुन्हा भरायची वेळ आली आणि आम्ही ती भरली नाही. बाकी बऱ्याच गोष्टी तो नीट करत होता. पण नव्या माणसाचं नाव त्याला मराठीत लिहिता येत नाही, आणि एवढ्या एका कारणावर तो बंद केला. काहींना हे कारण किरकोळ वाटेल. ज्या मायक्रोनेशनमध्ये माणसं मुळातच थोडी, तिथे ते किरकोळ नाही.

मांडणी नेहमीचीच : डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर सर्व्हर (आपल्या गटाची जागा), अर्जाला गुगल फॉर्म, नागरिकांची नोंदवही गुगल शीटमध्ये, आणि कुणी आत आलं की त्याच्या नावाचं चित्रकार्ड टाकणारा बॉट. सदस्य बहुतेक नाशिक शहरातले, काही सिन्नर-ओझरचे, काही शिकायला पुण्यात गेलेले. तिथे रोल म्हणजे सदस्याला दिलेला दर्जा आणि चॅनल म्हणजे गप्पांची खोली, एवढं धरून पुढे लिहितो.

कार्डावर काय होतं ते आधी सांगतो. 'किरण' हे नाव कार्डावर 'करिण' असं वाचलं जातं. 'शिल्पा'ची पहिली वेलांटी श सोडून ल वर जाऊन बसते. 'कीर्ती'चा रफार वर चढतच नाही, र पाय मोडून बाजूला उभा राहतो. 'कुऱ्हाडे', 'बऱ्हाटे' ही आडनावं तर ओळखू येत नाहीत. याचं कारण फॉन्टमध्ये नसतं, त्यामुळे फॉन्ट बदलून काही हाती लागत नाही. देवनागरीत अक्षरं ज्या क्रमाने साठवली जातात त्याच क्रमाने ती काढायची नसतात. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते, पण काढायची त्याच्या आधी. रफार साठवताना आधी येतो, काढायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ही जुळणी करणारा वेगळा भाग चित्र बनवणाऱ्या प्रोग्रामला जोडलेला नसला, की तो अक्षरं एकापुढे एक ठेवून मोकळा होतो.

बॉटच्या मदतकक्षाला तिन्ही नावांची चित्रं पाठवली. उत्तर आलं की नावं रोमन लिपीत लिहायला सांगा, किंवा कार्डावर डिस्कॉर्डचं युजरनेम दाखवा. २०२३ पासून युजरनेममध्ये रोमन लहान अक्षरं, अंक, टिंब आणि अधोरेषा एवढंच चालतं. म्हणजे ज्याने प्रदर्शन-नाव (इतरांना दिसणारं नाव) हौसेने मराठीत लिहिलं, त्याचं स्वागत टिंब-आकड्यांच्या नावाने करायचं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. पैसे घेऊन चालवलेल्या सेवेकडून हे ऐकून घ्यावं लागतं याचा राग अजून आहे.

त्याहून वाईट दोष नंतर सापडला, आणि तो दिसतही नव्हता. बॉटची स्वतःची अर्जाची खिडकी आहे. (डिस्कॉर्डच्या अशा खिडकीत मजकुराचे पाचच रकाने मावतात.) तिथे कमल, अमर, नमन यांचे अर्ज सरळ जात होते. सुनील, कीर्ती, ज्ञानेश्वर यांना 'नाव अवैध' असं उत्तर मिळत होतं. नावांची यादी समोर ठेवल्यावर धागा लागतो : ज्या नावांत काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही तेवढीच पास. प्रोग्राम लिहिणारा 'नावात फक्त अक्षरं असावीत' अशी तपासणी लावतो, आणि पायथनसारख्या प्रोग्रामिंगच्या भाषेतली तयार तपासणी काना-मात्रा-वेलांटी-हलन्त यांना अक्षर मानत नाही. युनिकोड, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत, त्यांना 'अक्षर' नव्हे तर 'चिन्ह' या वर्गात टाकते. अडलेला माणूस तक्रार करत नाही, 'आपल्याला घेतलं नाही' असं समजून निघून जातो. तुमच्याकडे लिंक उघडणारे बरेच आणि अर्ज मात्र थोडे असं होत असेल, तर जाहिरात वाढवण्याआधी स्वतःच्या फॉर्ममध्ये 'ज्ञानेश्वर' टाकून पाहा.

इथून पुढे स्वतःचा बॉट. खर्च जवळजवळ नाही, घरातला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पुरतो. चित्रासाठी पायथनची पिलो ही लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) घ्या, पण तिच्यात 'राक्म' हा जुळणीचा भाग चालू आहे का ते आधी तपासा. तपासायची सोय पिलोमध्येच आहे. तयार पॅकेजमध्ये राक्म येतो, मात्र तो 'फ्रायबिडी' नावाची वेगळी लायब्ररी शोधतो, आणि ती मशीनवर नसेल तर पिलो गुपचूप साध्या मांडणीवर उतरते. एरर येत नाही, फक्त नावं मोडतात. उबुंटूवर फ्रायबिडीचं पॅकेज टाकलं की काम होतं. विंडोजवर तिची डीएलएल फाइल हाताने ठेवावी लागते. मजकूर काढताना भाषा 'मराठी' अशी सांगून द्या, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं आहेत तिथे तीच येतील. हा पर्यायही राक्म असेल तरच चालतो. मुक्त आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फॉन्ट फुकट आहेत.

नावाच्या तपासणीत तयार फंक्शन न वापरता युनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टा, मोकळी जागा आणि शून्य-रुंदीचा जोडक (अक्षरांची जोडणी ठरवणारं, न दिसणारं चिन्ह) एवढ्यांना परवानगी द्या. जोडक विसरू नका. काही कीबोर्ड 'ऱ्ह' लिहिताना साधा र, हलन्त आणि जोडक पाठवतात. रोमनमध्ये नाव लिहिणाऱ्यांसाठी रोमन पट्टाही ठेवा. लांबीचंही भान हवं. डिस्कॉर्डवर टोपणनावाला ३२ चिन्हांची मर्यादा आहे आणि प्रत्येक काना, मात्रा, हलन्त वेगळं मोजलं जातं. 'श्रीकृष्ण ज्ञानेश्वर क्षीरसागर' दिसायला फार लांब नाही, पण ते ३० चिन्हं खातं. पुढे पदवी जोडायला जागाच उरत नाही. म्हणून पदव्या रोलमध्ये ठेवा, नावात नको.

डिस्कॉर्डच्या डेव्हलपर पोर्टलमध्ये बॉटला 'सर्व्हर मेंबर्स इंटेंट' (सदस्यांची माहिती मिळण्याची परवानगी) चालू करून द्यावा लागतो. तो बंद असेल तर कुणी आत आल्याची खबर बॉटला मिळत नाही. वीज गेली की बॉट झोपतो, तेवढ्यात आलेला माणूस स्वागताविना राहतो. त्यासाठी बॉट सुरू होताना सदस्यांची पूर्ण यादी चाळून, नव्या माणसाला मिळणारा 'पाहुणा' रोल नसलेल्यांना शोधेल अशी सोय लिहा. दहा-बारा ओळींचं काम आहे.

कार्डाबद्दलचं मत मात्र मध्येच बदललं. आधी ते दारातच, आल्या क्षणी दिलं जायचं. नावं नीट दिसायला लागल्यावरही फरक थोडाच पडला. आल्या आल्या मिळालेल्या कार्डाला उत्तर काय द्यायचं हे नव्या माणसाला कळत नाही, आणि बॉटने स्वागत केलं म्हणून जुनी माणसं गप्प राहतात. आता दारात बॉट काही बोलत नाही, फक्त स्वागताची पाळी असलेल्या नागरिकाला खबर देतो. त्या नागरिकाने त्याच दिवशी नाव घेऊन एक नेमका प्रश्न विचारायचा. अर्जात 'नकाशे आवडतात' असं लिहिलं असेल तर नकाशाबद्दलच. कार्ड मिळतं नागरिकत्व मंजूर झाल्यावर, अनुक्रमांकासह. तेव्हा लोक ते जपून ठेवतात, स्टेटसला लावतात, आणि त्यावरून आणखी कुणी विचारत येतं.

डिस्कॉर्डची स्वतःची ऑनबोर्डिंग (नव्या सदस्याला आत रुळवण्याची) सोय लहान मायक्रोनेशनला सुचवणार नाही. तिच्यासाठी किमान सात चॅनल सर्वांना उघडे लागतात आणि त्यातल्या पाचांत सर्वांना लिहिता यायला हवं. रोज बोलणारी माणसं मूठभर असताना सात उघड्या चॅनलपैकी चार रिकामे दिसतात, आणि आलेल्याला वाटतं की इथे कुणी राहत नाही. स्वागतकक्ष, चौक आणि राजपत्र एवढे तीन पुरतात. पडताळणीची पातळी मध्यम ठेवा : ईमेल तपासलेला आणि खातं पाच मिनिटांहून जुनं. सर्वात वरच्या पातळीला फोन नंबर जोडलेला लागतो, तिथे चांगली माणसंही परत फिरतात.

आमंत्रणाच्या लिंकवर मुदत असते. काही न बदलता बनवली तर ती सात दिवसांत मरते. क्यूआर छापून लावण्याआधी 'कधीही संपू नये' निवडा. 'तात्पुरतं सदस्यत्व' या पर्यायाला हात लावू नका, रोल मिळण्याआधी ऑफलाइन गेलेला माणूस त्यात आपोआप बाहेर पडतो. क्यूआर थेट डिस्कॉर्डकडे न नेता आपल्या साध्या पानाकडे न्या, म्हणजे लिंक बदलली तरी छापलेलं वाया जात नाही. आणि प्रत्येक जागेसाठी वेगळी लिंक काढा. कॉलेज रोडच्या अभ्यासिकेची वेगळी, गंगापूर रोडची वेगळी, इन्स्टाग्रामची वेगळी. कोणत्या लिंकवरून किती आले हे सर्व्हरच्या सेटिंगमध्ये दिसतं, मग पुढच्या वेळी कागद कुठे लावायचा ते कळतं. परीक्षांच्या दिवसांत भरती उघडूच नका. कॉलेज सुरू झाल्यानंतरचे आठवडे चांगले, आणि २७ फेब्रुवारीच्या आसपासचे दिवसही. कुसुमाग्रजांच्या गावात त्या दिवशी मराठीसाठी बाहेर पडणारी मंडळी भेटतात, आणि मराठीत चालणारं मायक्रोनेशन त्यांना लगेच उमगतं.

फॉर्मचं पहिलं वाक्य हे असावं : 'हे मान्यताप्राप्त राज्य नाही. इथलं नागरिकत्व प्रतीकात्मक आहे. पासपोर्ट, व्हिसा, नोकरी यांपैकी काहीही मिळत नाही.' लार्स विल्क्स यांनी १९९६ मध्ये स्वीडनमध्ये जाहीर केलेल्या लाडोनिया या मायक्रोनेशनकडे पाकिस्तानातून हजारो अर्ज आले होते. तिथे खरंच राहायला जाता येईल अशी त्या लोकांची समजूत झाली होती. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये गाझियाबादला वेस्टार्क्टिकासारख्या मायक्रोनेशनच्या नावाने थाटलेला बनावट दूतावास पोलिसांनी उघडकीला आणला. त्यानंतर 'हे कायदेशीर आहे का?' हा प्रश्न पालकांकडून हमखास येतो आणि त्याचं उत्तर फॉर्मवरच हवं. राजमुद्रेत अशोकस्तंभाचे सिंह किंवा त्यांच्यासारखं काही नको, २००५ चा कायदा त्याला मनाई करतो. आधार किंवा कुठल्याही ओळखपत्राची प्रत मागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. आम्ही १८ च्या खाली नागरिकत्व देत नाही, पाहुणा म्हणूनही नाव-गाव नोंदवत नाही.

प्रश्न चारच ठेवावेत : नाव जसं छापायचं तसं, हाक कशी मारायची (दादा, ताई, की नुसतं नाव), काय करायला आवडतं, आणि आठवड्यात किती वेळ देता येईल. हाकेचा प्रश्न सर्वात उपयोगी. वयाने मोठ्या माणसाला पहिल्याच दिवशी कुणी अरे-तुरे केलं की तो बोलणं थांबवतो.

पुढचा टप्पा म्हणजे काम. इतर मायक्रोनेशनपैकी सीलँड पदव्या विकतं, अमेरिकेत नेवाडातलं मोलॉसिया तिथे राहणाऱ्यांनाच नागरिक करतं. १९७९ पासून चालत आलेलं टॅलोसा राजकारण आणि स्वतःची भाषा यांत माणसं गुंतवतं, आणि लहान ऑनलाइन राष्ट्राला झेपणारी वाट हीच. पहिल्या आठवड्यात पूर्ण होईल असं एकच काम द्या : राजपत्रात शंभर शब्दांची बातमी, टपाल तिकिटाचं एक रेखाटन, एका कलमाची शुद्धलेखन-तपासणी. काम झालं की त्याच्या नावासह छापा. पहिल्याच दिवशी मंत्रिपद देऊ नका. सगळेच मंत्री झाले की कुणी कुणाचं ऐकायला उरत नाही, आणि खातं घेतलेला माणूस गप्प झाला की ते काम कायमचं अडतं.

प्रमाणपत्र ए-फोर आकारात, ३०० जीएसएमच्या जाड कागदावर छान दिसतं. छापखान्यात पुन्हा नावाचाच घोळ होतो. बऱ्याच दुकानांत कोरलड्रॉ हा मांडणीचा प्रोग्राम जुना असतो आणि फॉन्ट श्रीलिपी वळणाचे, युनिकोड नसलेले असतात, युनिकोड मजकूर त्यात चिकटवला की तो मोडतो. लिब्रेऑफिसमधून फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ न्या आणि 'उघडू नका, थेट छापा' असं सांगा. तरीही दुकानदार उघडणारच असेल तर इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये अक्षरांचे आकार (रेषाचित्र) करून घ्या, मग मोडायला अक्षर उरत नाही.

नव्या बॉटमध्ये एक गोष्ट अजून सुटलेली नाही. उर्दू नाव आलं तर फ्रायबिडी उजवीकडून डावीकडे नीट लावतं, पण त्यासाठी नस्तालिक (उर्दू वळणाचा) फॉन्ट वेगळा लागतो, आणि पिलो एका मजकुराला एकच फॉन्ट लावते. त्यामुळे एकाच नावात दोन लिप्या असल्या, किंवा कुणी नावापुढे इमोजी लावला, तर तिथे रिकामी चौकट उमटते. तोवर अशी कार्डं हाताने, लिब्रेऑफिसमध्ये करून पाठवतो.