आधी किनारा, मग शहर: गेटवे–मांडवा लाँच आणि मुंबई–अलिबागची चार दिवसांची सहल

मुंबई आणि अलिबाग एकाच सहलीत बसवायचे तर बहुतेक जण एक ठरलेला क्रम धरतात. शुक्रवारी मुंबई बघायची, शनिवारी सकाळी गेटवेवरून लाँच पकडायची, रविवारी संध्याकाळी परत. हा क्रम चुकीचा आहे. शुक्रवारी फोर्टमधले रस्ते कचेऱ्यांच्या माणसांनी तुंबलेले असतात. शनिवारी सकाळी गेटवेवर आणि रविवारी दुपारनंतर मांडव्याच्या जेटीवर रांगा लागतात. उलटे करावे. गुरुवारी सकाळी थेट गेटवे गाठून मांडवा, शुक्रवार अख्खा किनाऱ्यावर, शनिवारी दुपारी गर्दीच्या उलट्या दिशेने परत आणि रविवारी फोर्ट. रविवारी कचेऱ्या बंद असल्याने काळा घोडा ते सीएसएमटी हा पट्टा मान वर करून इमारती बघत चालता येतो. एक दिवस रजा जास्त लागते, पण ती वसूल होते.

आता लाँच. गेटवे ते मांडवा हे अंतर साध्या लाँचने साधारण तासाभराचे आहे, कॅटामरान थोडी लवकर पोचते. पीएनपी, मालदार आणि अजंता ही या मार्गावरची जुनी नावे. तिकीटखिडक्या गेटवेच्या आवारातच आहेत. मांडव्याहून अलिबाग सुमारे 20 किलोमीटर आहे आणि तिथवरची बस बहुधा लाँचच्या तिकिटातच धरलेली असते. तरी तिकीट काढतानाच विचारून घ्यावे आणि तिकीट शेवटपर्यंत जपावे, कारण बसमध्ये चढताना तेच दाखवावे लागते. मांडव्याला उतरल्यावर फोटो काढत रेंगाळू नये. त्या लाँचची माणसे भरली की बस सुटते, मग पुढच्या लाँचची वाट बघत बसावे लागते. किहीमला उतरणाऱ्यांनी अलिबागपर्यंत जाऊन उलटे येण्यात अर्थ नाही. बसवाल्याला आधी सांगून चोंढी नाक्यावर उतरावे, तिथून किहीम रिक्षाने काही मिनिटांवर आहे.

लाँच सकाळचीच घ्यावी. दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे वारा वाहू लागतो, पाणी खवळते आणि होडी डुलते. मार्च ते मे या महिन्यांत हे जास्त जाणवते. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या डेकवर मधोमध किंवा मागच्या बाजूला बसावे. वरचा डेक आणि पुढचे टोक सर्वांत जास्त हलते. रिकाम्या पोटी बसू नये आणि वडापावने पोट टच्च भरूनही नको. गेटवेच्या पायऱ्यांवर ओहोटीच्या वेळी खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असते. चाकांची मोठी बॅग तिथे उपयोगाची नाही. पाठीवर मावेल एवढेच सामान न्यावे, दोन्ही हात मोकळे राहतात.

भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो हा दुसरा पर्याय. मार्च 2020 मध्ये ती सुरू झाली, तिलाही साधारण तासच लागतो आणि गाडी सोबत नेता येते. आमचे मत स्पष्ट आहे: गाडी न्यायचीच असेल, घरात गुडघे दुखणारे वडीलधारे किंवा तान्हे मूल असेल, अथवा दिवस पावसाळ्याचे असतील तरच रो-रो. चढ-उतार सोपी, बोट मोठी, हालचाल कमी. पण ती महाग पडते. पायी जाणाऱ्याला मांडव्याहून पुढची सोय वेगळी बघावी लागते, आणि भाऊचा धक्का गेटवेइतका हाताशीही नाही. हार्बरचे डॉकयार्ड रोड हे जवळचे स्टेशन, तिथून टॅक्सी करावी. गाडी नेणाऱ्यांनी सुटण्याच्या वेळेआधी पाऊण तास तरी हजर असावे, कारण गाड्या ओळीने लावून झाल्या की दरवाजा कोणासाठी थांबत नाही.

गेटवेच्या लाँच पावसाळ्यात, साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, बंद असतात. रो-रो हवामान बघून चालते आणि ऐन वेळी रद्दही होते. तेव्हा रस्त्याचा पर्याय डोक्यात असावाच: मुंबईहून पनवेल, पेण, वडखळमार्गे शंभर किलोमीटरच्या आसपास. अटल सेतूमुळे मुंबईतून बाहेर पडणे सोपे झाले आहे, पण वडखळच्या आसपास सुट्टीच्या दिवशी तुंबणारी वाहने त्या सेतूने कमी होत नाहीत. पुण्याहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी लाँचच्या नादी लागूच नये. खोपोली-पेणवरून थेट अलिबाग गाठावे.

सहलीची तारीख कशावरून ठरवायची हा खरा प्रश्न आहे. लोक ती हॉटेलच्या खोल्या बघून ठरवतात. ती कालनिर्णय बघून ठरवावी. अलिबागला जाऊन कुलाबा किल्ला न बघणे म्हणजे निम्मी सहल वाया, आणि किल्ल्यात पायी जाता येते ते फक्त ओहोटीला. ओहोटीची वेळ तिथीवरून काढता येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास, आणि त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब एकच. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक राहते, म्हणून निघण्याआधी मुंबईच्या अपोलो बंदरचे भरती-ओहोटीचे कोष्टक पडताळावे. पण महिनाभर आधी तारीख निवडायला पाऊणपट पुरते.

तृतीया ते पंचमी हे दिवस सर्वांत चांगले. ओहोटी सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते, ऊन चढलेले नसते आणि उधाण नुकतेच होऊन गेल्याने पाणी दूरवर हटते. द्वादशी-त्रयोदशी हा दुसरा पर्याय. तेव्हा ओहोटी दुपारी तीन ते पावणेचारला असते, डोक्यावर ऊन असते, पण परतताना किनाऱ्यावरच सूर्यास्त मिळतो. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वांत जास्त मागे जाते, पण ओहोटी सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. संध्याकाळी किल्ल्यात शिरून अंधारात परतण्याचा विचारही करू नये. अष्टमीच्या आसपास भांगाची ओहोटी असते. पाणी पुरते हटत नाही, वाटेत गुडघाभर राहते, तेव्हा घोडागाडी करावी. शुक्रवारी यांपैकी चांगली तिथी पडते का, एवढे बघायचे. साधारण तीनातल्या एका शुक्रवारी पडते. चतुर्थीला एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: किल्ल्यात आंग्र्यांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी ओहोटी, त्यामुळे दर्शनाला येणाऱ्यांची वर्दळ असते.

पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी किनाऱ्यावरून निघावे. चालायला वीसेक मिनिटे, किल्ला बघायला सव्वा तास, आणि ओहोटीची वेळ उलटून तास व्हायच्या आत परत वाळूवर. चूक इथेच होते. लोक ओहोटीची वेळ ही निघायची वेळ समजतात, आत मंदिर, गोड्या पाण्याची विहीर, तटावरच्या तोफा बघत दोन तास घालवतात, आणि बाहेर येतात तेव्हा पाणी मागे सरकल्यासारखे दिसते पण वाटेवरच्या सखल भागात बाजूने आधीच शिरलेले असते. समोरची वाळू कोरडी असते, मधली वाट बुडालेली असते. अशा वेळी पाण्यात उतरू नये, घोडागाडी किंवा होडीची वाट बघावी. पायात पट्ट्याची सॅंडल हवी. खडकांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात आणि साधी स्लिपर चिखलात अडकून राहते.

किल्ला म्हणून कुलाबा अव्वल आहे. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये त्याचे काम सुरू केले आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले. तटाचे मोठाले दगड चुना न भरता एकमेकांवर रचलेले आहेत. फटींतून पाणी आत-बाहेर होते आणि लाटेचा मार तिथेच विरतो. समुद्राच्या बाजूच्या तटाजवळ लाट फुटताना पाच मिनिटे उभे राहिले की हे डोळ्यांना दिसते. चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफांवर 1849 हे साल आणि यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचे नाव वाचता येते, म्हणजे त्या आंग्र्यांच्या नव्हेत, नंतर आलेल्या इंग्रजी तोफा आहेत. कान्होजींची समाधी गावात आहे, ती चुकवू नये.

किनाऱ्यांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. इथले पाणी निळेशार नसते. खाड्यांमधून येणाऱ्या गाळाने ते करडे दिसते, ती घाण नव्हे. अलिबागचा किनारा किल्ल्यासाठी आणि संध्याकाळसाठी, पोहण्यासाठी नाही. राहायला नागाव किंवा किहीम निवडावे. नागावला नारळी-पोफळीच्या वाड्यांतून घरगुती सोय मिळते, वाळू घट्ट, उतार हलका, मुलांना बरे. सुट्टीच्या दिवशी मात्र पाण्यावरच्या खेळांचा गोंगाट असतो. किहीम शांत आहे, झाडी दाट आहे. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास याच गावात केला, तेव्हा दुर्बीण असेल तर न्यावी. काशीदची वाळू पांढरट आणि किनारा देखणा, पण अलिबागहून तो तीसेक किलोमीटर आहे, जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो. शिवाय तिथला उतार तीव्र असल्याने लाट किनाऱ्यालगतच फुटते आणि पाय ओढते. किनाऱ्यावरच्या दोन रात्रींत काशीद घालू नये. कुठल्याही किनाऱ्यावर भरती चढत असतानाच पाण्यात उतरावे, तेही कमरेपर्यंत. ओहोटीचे पाणी आत खेचते. अलिबाग स्टँडवरून नागाव-रेवदंड्याकडे एसटी आणि मिनीडोर (मोठ्या सहा आसनी रिक्षा) मिळतात, गाडी नसली तरी अडत नाही.

जेवणाचे आदल्या दिवशी सांगून ठेवावे. घरगुती ठिकाणी ताजी मासळी सकाळी बाजारातून येते आणि मोजूनच आणली जाते. जिताडा हवा असेल तर तो आधीच सांगावा लागतो. सुरमई-पापलेट सगळीकडे मिळते, जिताडा इथला. शाकाहाऱ्यांनी वालाचे बिरडे, तांदळाची भाकरी आणि सोलकढी मागावी, पनीरच्या भानगडीत पडू नये. थंडीत, वालाच्या शेंगा आलेल्या असताना, पोपटी लावून मिळेल का हे खोली ठरवतानाच विचारावे: भांबुर्ड्याच्या पाल्यात शेंगा, बटाटे, हवे तर अंडी-कोंबडी मडक्यात भरून जाळात भाजतात. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या पापलेटची अपेक्षा ठेवू नये.

शनिवारी जेवून मांडव्याला यावे. वाटेत सासवण्याला करमरकरांचे शिल्पालय आहे, तासभर पुरतो. मुंबईत मुक्काम फोर्ट किंवा चर्चगेटच्या आसपासच ठेवावा. खोली लहान आणि महाग मिळेल, पण रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो आणि दादर-अंधेरीहून येण्यात सकाळ जाते. लांब राहायचेच असेल तर भुयारी मेट्रो 3 वापरावी. हुतात्मा चौक, चर्चगेट आणि सीएसएमटी ही तिन्ही स्टेशने या पायपिटीच्या मधोमध येतात आणि विमानतळही त्याच मार्गावर आहे.

चालण्याचा क्रम उजेडावर ठरवावा. सकाळी ओव्हल मैदानात उभे राहिले की पश्चिमेकडची आर्ट डेको घरे उजळलेली दिसतात, पूर्वेकडचे हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर सावलीत असतात. दुपारी चारनंतर नेमके उलटे. या दोन्ही रांगांसह आसपासच्या मिळून 94 इमारती 2018 मध्ये जागतिक वारशात गेल्या. म्हणून सकाळी ओव्हलची पश्चिम बाजू आणि मरीन ड्राइव्ह, सव्वादहाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडताच तिथे अडीच तास, जेवण, मग चारला पुन्हा ओव्हलवर येऊन राजाबाई आणि शेवटी दिवे लागताना सीएसएमटी. रविवारी फोर्टमधली बरीच खाण्याची ठिकाणे बंद असतात, जेवणाची जागा आदल्या दिवशी फोन करून पक्की करावी.

घारापुरी यात बसत नाही. जाऊन-येऊन दोन तास लाँच, वर पायऱ्या आणि लेणी, म्हणजे अख्खा अर्धा दिवस. ती हवीच असतील तर पाचवा दिवस ठेवावा, आणि तो सोमवार नसावा, कारण सोमवारी लेणी बंद असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात तर परतताना अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून घ्यावी. घट्ट गुंफलेली, माना पूर्ण वाळलेली बघून घ्यावी. ओली माळ बॅगेत कोंबली की दोन दिवसांत कुजते, म्हणून लाँचमध्ये ती हातात धरूनच आणावी.