नोट्टोची अवयवदान नोंदणी: अर्ज सोपा, पण तेवढ्यावर थांबू नका

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे नोट्टोच्या, संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी भरायचा, कोणते अवयव द्यायचे त्यावर खुणा करायच्या, की संकल्पाची नोंद झाली. मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला नसेल तर मात्र काम सुरुवातीलाच अडते. प्रमाणपत्र उतरवून घेता येते, विचार बदलला तर नोंद रद्दही करता येते. सेवा चांगली आहे.

पण माणूस गेल्यावर ही इच्छा पाळली जाते का? १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याचे कलम ३ इच्छेच्या बाजूने आहे. दोन साक्षीदारांसमोर लेखी संमती दिलेली असेल, त्यांतला निदान एक जवळचा नातेवाईक असेल आणि ती संमती पुढे मागे घेतल्याचे मानायला कारण नसेल, तर देह ज्याच्या ताब्यात आहे त्याने अवयव काढू द्यायचे आहेत. व्यवहारात मात्र नमुना ८ वर, म्हणजे नातेवाइकांच्या संमतीच्या अर्जावर, घरच्यांची सही झाल्याशिवाय रुग्णालय पुढे जात नाही. घरच्यांनी नकार दिला की विषय संपतो. ही आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे.

म्हणून नमुना ७, म्हणजे स्वतःच्या अवयवदान संकल्पाचा अर्ज, कागदावरही भरा. साक्षीदार निवडताना इथे हमखास चूक होते: कायद्याच्या जवळच्या नातेवाइकांच्या यादीत पती-पत्नी, मुले, आईवडील, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे आहेत, सून, जावई, दीर नाहीत. सून आणि शेजारी यांच्या सह्यांनी अट पुरी होत नाही.

कागद कपाटात कुलूपबंद ठेवू नका. २०११ च्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने अतिदक्षता विभागात पूर्वसंमतीची चौकशी करायची असते, आणि संमती असेल तर तिचा लेखी पुरावा मागायचा असतो. मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचे काम कायमचे थांबल्याचे, ठरवताना चार डॉक्टरांचे मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करते. कागद त्या वेळात हाती यायला हवा. मृत्युपत्रात लिहिलेली इच्छा इथे कामाची नाही, कारण ते बहुधा दिवसकार्य उरकल्यावर उघडले जाते. एक प्रत जोडीदाराकडे, एक मुलांकडे द्या, आणि जो विरोध करील असे वाटते त्याच्याशी आधी बोला.

मृत्यू घरी झाला तर मूत्रपिंड, यकृत देता येत नाही, पण ६ तासांत नेत्रपेढीला कळवले तर नेत्रदान होते. तोवर पंखा बंद ठेवून मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवावा. शंका असल्यास नोट्टोचा निःशुल्क क्रमांक १८००-११-४७७०.