पिंपात मुरलेली जपानी बिअर आणि भरिताची पंगत

टोकियोत नोकरीला असलेल्या भाच्याने या हिवाळ्यात जळगावला येताना ‘हिताचिनो नेस्ट एक्सएच’ या जपानी बिअरच्या दोन बाटल्या आणल्या. इबाराकी प्रांतातील नाका येथील किउची हे १८२३ पासून साके, म्हणजे तांदूळ आंबवून केलेले जपानी मद्य, बनवणारे घराणे या बिअरचे कर्ते. जपानमध्ये पूर्वी बिअरच्या परवान्यासाठी वर्षाला किमान २,००० किलोलिटर उत्पादनाची अट होती. १९९४ मध्ये ती ६० किलोलिटरवर आली, तेव्हा कुठे अशा लहान कारखान्यांना वाट मिळाली आणि १९९६ मध्ये किउचींनी घुबडाचे चित्र असलेली आपली बिअर बाजारात आणली. एक्सएच ही त्यांतली कडक बिअर. ती बेल्जियन धाटणीने आंबवतात आणि मग शोचू, म्हणजे ऊर्ध्वपातन केलेले जपानी मद्य, ज्यात मुरलेले असते त्या लाकडी पिंपांत ठेवतात.

पहिली बाटली फ्रिजमधून काढली आणि लगेच उघडली, हे चुकले. गार घोटात थोडा गोडवा आणि शेवटी कडसरपणा, एवढेच हाती लागले. दुसरी बाटली मात्र अर्धा तास ओट्यावर ठेवून मग रुंद तोंडाच्या पेल्यात ओतली. रंग लालसर तपकिरी, फेस मातकट आणि बारीक. पेला नाकाजवळ नेताच जो वास आला, तो जळगावच्या माणसाला ओळखायला क्षणही लागणार नाही: केळी पिकवण्याच्या खोलीचे दार उघडल्यावर अंगावर येतो तोच. या बिअरमध्ये केळे नाही. आयसोअमिल अॅसिटेट हे केळ्याला त्याचा वास देणारे द्रव्य किण्वनाच्या वेळी यीस्टही तयार करते, आणि उत्तम प्रतीच्या साकेतील फळांसारख्या सुगंधातही त्याचाच मोठा वाटा असतो. तांदळात आयती साखर नसते. म्हणून साकेसाठी कोजी नावाची बुरशी वाफवलेल्या तांदळावर वाढवून त्यातील पिष्टाची साखर करून घेतात, तर बिअरमध्ये हे काम मोड आणलेले जव स्वतःच करतात. पुढे दोन्हीकडे यीस्टचेच राज्य. साके बनवणाऱ्या घराण्याला बिअर परकी का वाटली नसावी, हे त्या एका वासातून मला नीट उमगले.

केळ्यामागून मनुकांचा वास येतो, आणि तो मला सातपुड्यातून येणाऱ्या वाळलेल्या मोहाच्या फुलांच्या फार जवळचा वाटला. लाकूड सर्वांत शेवटी कळते. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना हलका तुरटपणा येतो आणि घशात मद्याची सौम्य ऊब उरते. पिंपाने बिअरला झाकलेले नाही, फक्त तिची गोडी आवरून धरली आहे, आणि याच संयमामुळे ती मला मनापासून आवडली.

जेवणाला भरीत होते. पऱ्हाट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, आणि आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे भरपूर हिरवी मिरची. वांग्याचा धूर आणि पिंपाचे लाकूड यांचे सूत सुरेख जमले. मिरचीचे मात्र मुळीच नाही, कारण मद्यांश लागर या नेहमीच्या हलक्या बिअरपेक्षा बराच जास्त असल्याने प्रत्येक घोटाने जाळ वाढत गेला. ताईने बाजूला काढलेले बिनमिरचीचे भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर घेतले, तेव्हा उडदाचा खरपूसपणा आणि बिअरमधील भाजक्या जवाची चव एकमेकींत मिसळली. शेवभाजीच्या रश्शाबरोबर हिचा विचारही करू नये.

तहान भागवायला ही बिअर नव्हे. वैशाखातल्या जळगावात तर नाहीच. थंडीच्या रात्री एक बाटली दोघांत वाटून, सावकाश घ्यावी. भाच्याला पुढच्या खेपेसाठी हीच सांगून ठेवली आहे, आणि भरिताची मिरची वेगळी वाटून ठेवायचे ताईने कबूल केले आहे.