लिनक्स कर्नेलमधील उपकरण-ओळख आणि ड्रायव्हर-जुळणी: एक परीक्षण

लिनक्सच्या ड्रायव्हर-जुळणीच्या (कोणत्या उपकरणाला ते चालवणारा कोणता प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, द्यायचा हे ठरवण्याच्या) रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की एखादा ड्रायव्हर कोणत्या उपकरणांसाठी आहे हे जाणून घेण्यासाठी तो चालवून पाहावा लागत नाही. ड्रायव्हर लिहिणारा आपल्या कोडमध्ये ओळख-क्रमांकांचा एक तक्ता देतो आणि ‘मॉड्यूल डिव्हाइस टेबल’ या मॅक्रोने (कोडमधील तयार सूचनेने) तो जाहीर करतो. मॉड्यूल, म्हणजे गरजेनुसार मेमरीत आणता येणारी ड्रायव्हरची फाइल, बांधले जाताना त्या तक्त्याचे साध्या मजकुराच्या नमुन्यांत रूपांतर होते आणि ‘डेपमॉड’ हा प्रोग्राम सगळ्या मॉड्यूलांतील नमुने एका फाइलमध्ये गोळा करतो. पुढे नवे उपकरण सापडले, की कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्याच्या ओळखीची एक ओळ तयार करतो, जिला ‘मोडएलियास’ म्हणतात. ‘युडेव्ह’ हा उपकरणांची व्यवस्था पाहणारा प्रोग्राम ती ओळ उचलतो आणि तिच्याशी जुळणाऱ्या नमुन्याचे मॉड्यूल मेमरीत आणवतो. ओळखीची माहिती आणि ड्रायव्हरचे वर्तन यांची ही फारकत इतकी स्वच्छ आहे, की नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची आखणी करणाऱ्या कोणीही तिचा अभ्यास आधी करावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

या व्यवस्थेला कच्चा माल पुरवतात त्या बस, म्हणजे उपकरणांना संगणकाशी जोडणारे मार्ग. पीसीआय बसवरील प्रत्येक उपकरण १६ बिटांचा निर्माता-क्रमांक आणि १६ बिटांचा उपकरण-क्रमांक सांगते (इंटेलचा निर्माता-क्रमांक षोडशमान पद्धतीत ८०८६ आहे), आणि निर्माता-क्रमांकाच्या जागी सगळे बिट एक आले, तर त्या जागी उपकरणच नाही असे समजले जाते. यांखेरीज २४ बिटांचा वर्ग-संकेत असतो, जो उपकरण कोणी बनवले हे न सांगता ते कोणत्या जातीचे आहे एवढेच सांगतो. या दोन पातळ्यांचा उत्तम उपयोग एनव्हीएमई या वेगवान डिस्कप्रकाराच्या ड्रायव्हरच्या तक्त्यात पाहायला मिळतो: आधी विशिष्ट मॉडेलांच्या नोंदी येतात आणि त्यांतील अनेकांसोबत त्या मॉडेलची खोड सांभाळण्याची सूचना असते, तर पुढे संपूर्ण एनव्हीएमई वर्गाला लागू होणारी नोंद येते. तक्त्यात पहिली जुळणारी नोंद ग्राह्य धरली जात असल्याने खोडकर मॉडेल आपल्या नोंदीपाशी थांबते, आणि ज्याचे नाव कोणीही कधी ऐकलेले नाही अशी नवी डिस्कही वर्गाच्या आधारावर पहिल्या दिवसापासून चालते.

ओळख ही माहिती म्हणून ठेवल्याचा फायदा २०१४ साली ठळकपणे दिसला. यूएसबीला सिरियल पोर्टशी जोडणाऱ्या चिपा बनवणाऱ्या एफटीडीआय या कंपनीच्या विंडोजसाठीच्या नव्या ड्रायव्हरने तिच्या चिपांच्या नकलांमधील उत्पादन-क्रमांक शून्य करून टाकला, त्यामुळे त्या चिपा कोणत्याच ड्रायव्हरशी जुळेनाशा झाल्या. त्या चिपांमध्ये दुसरा काहीही बिघाड नव्हता. लिनक्समध्ये त्यांना पुन्हा चालू करण्यासाठी त्या चिपांच्या ड्रायव्हरच्या तक्त्यात तो शून्य क्रमांक नोंदवणे पुरेसे ठरले.

आता या रचनेच्या उणिवेकडे वळतो, कारण ती खरी आहे. एकाच उपकरणावर दोन ड्रायव्हरांचे तक्ते जुळले, तर त्यांपैकी अधिक योग्य कोणता हे ठरवणारी सर्वसाधारण गुणांकन-पद्धत लिनक्सच्या ड्रायव्हर-गाभ्यात नाही. ज्याला आधी विचारले जाते आणि जो नकार देत नाही, त्याला उपकरण मिळते. विंडोजने या ठिकाणी वेगळा मार्ग घेतला आहे. तिथे उपकरण आपल्या ओळखींची यादी विशिष्टापासून सर्वसाधारणापर्यंत क्रमाने देते, प्रत्येक उमेदवार ड्रायव्हरला डिजिटल स्वाक्षरी आणि जुळणीची नेमकी पातळी पाहून दर्जा दिला जातो, आणि दर्जा समान आला तर तारीख व मग आवृत्ती पाहिली जाते. या एका बाबतीत विंडोजची रचना सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. लिनक्समध्ये ही उणीव प्रत्येक उपप्रणालीने आपापल्या परीने भरून काढली आहे. कीबोर्ड-माऊससाठीचा सर्वसाधारण ड्रायव्हर दुसरा कोणी दावेदार आहे का हे तपासतो आणि असल्यास स्वतः बाजूला होतो. डिव्हाइस ट्री (यंत्रातील उपकरणांचे कर्नेलला दिले जाणारे वर्णन) वापरणाऱ्या यंत्रांत ‘कम्पॅटिबल’ या गुणधर्मात नेमक्या चिपचे नाव आधी आणि तिच्याशी सुसंगत जुन्या चिपचे नाव नंतर लिहिलेले असते, आणि एका ड्रायव्हरच्या तक्त्यातून नोंद निवडताना हा क्रम गुण देऊन पाळलाही जातो. मात्र दोन वेगळ्या ड्रायव्हरांमध्ये निवड करायची वेळ आली, की तो क्रम उपयोगी पडत नाही. इतकी चांगली माहिती हाताशी असून ती निर्णायक क्षणी वापरली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

वापरणाऱ्याला हस्तक्षेप करता यावा यासाठीच्या सोयी मात्र समाधानकारक आहेत. ‘न्यू आयडी’ या फाइलमध्ये क्रमांक लिहिला, की चालू ड्रायव्हरच्या यादीत तो नव्याने दाखल होतो. परंतु तो क्रमांक असलेली सगळीच उपकरणे त्या ड्रायव्हरच्या कक्षेत येतात, आणि दोन सारख्या ग्राफिक्स कार्डांपैकी एकच आभासी यंत्राला द्यायचे असेल, तर ही सोय अडचणीची ठरते. २०१४ मध्ये पीसीआय उपकरणांसाठी आलेल्या ‘ड्रायव्हर ओव्हरराइड’ने ही अडचण दूर केली, कारण त्यात ओळख-क्रमांकाऐवजी नेमक्या त्या एका उपकरणासाठी ड्रायव्हरचे नाव सांगता येते.

यूएसबीच्या बाबतीत ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तिथे जुळणी बहुधा संपूर्ण उपकरणाशी होत नाही, तर त्यातील प्रत्येक इंटरफेसशी (उपकरणाच्या एकेका कामाच्या भागाशी) स्वतंत्रपणे होते, म्हणून एकाच हेडसेटच्या आवाजाला एक ड्रायव्हर आणि बटणांना दुसरा मिळू शकतो. शिवाय वर्ग सांगणारे उपकरण त्या वर्गाचे नियम पाळतेच असे नाही. यूएसबी साठवण-ड्रायव्हरसोबत ‘अनयूज्वल डेव्ह्ज’ नावाची अपवादांची लांबलचक यादी आहे आणि तिच्यातील नोंदी उपकरणाच्या आवृत्ती-क्रमांकाच्या मर्यादाही सांगतात, जेणेकरून निर्मात्याने पुढील आवृत्तीत दोष दुरुस्त केला तर अपवाद तिला लागू होऊ नये. ही काळजी मला फार आवडली.

ओळख हा उपकरणाने स्वतः केलेला दावा असतो आणि जुळणीची व्यवस्था त्यावर विश्वास ठेवते, हा प्रश्न उरतोच. पेनड्राइव्हच्या आकाराचे एखादे उपकरण स्वतःला कीबोर्ड म्हणवू लागले, तर त्याला कीबोर्डचाच ड्रायव्हर मिळतो. यावर यूएसबीसाठी ‘ऑथराइज्ड’ ही सोय आहे: परवानगी मिळेपर्यंत उपकरणाचे इंटरफेस तयारच होत नाहीत, आणि साहजिकच त्यांच्याशी कोणताही ड्रायव्हर जुळत नाही. मात्र तारेने जोडलेल्या उपकरणांना कर्नेल मूळ सेटिंगमध्ये आपणहून परवानगी देतो, त्यामुळे सार्वजनिक जागेत ठेवलेल्या यंत्रांवर ती सेटिंग व्यवस्थापकाने स्वतः बदलून घ्यावी.