रेकॉर्ड धुण्याचं हाती यंत्र: ठाण्यात एक पावसाळा वापरल्यानंतर

मे अखेरीस घेतलेलं हे यंत्र आता मार्च आला तरी जवळपास दर रविवारी ओट्यावर येतं, त्यामुळे त्याबद्दल खात्रीने लिहिता येईल. रचना साधी आहे. प्लॅस्टिकची अरुंद कुंडी, आत समोरासमोर दोन मऊ ब्रश आणि बाजूला रोलर. रेकॉर्ड उभी सोडायची आणि हाताने फिरवायची. खाचांचा भाग पाण्यात बुडतो, मधलं लेबल वर कोरडं राहतं. वीज लागत नाही. दोन-तीन नव्या इंपोर्टेड एलपींच्या किमतीत मिळतं आणि या घडणीचं यंत्र बरेच जण बनवतात, म्हणून नावात शिरत नाही.

माझ्याकडे एका बाजूला सत्तरीतले हिंदी साउंडट्रॅक आहेत आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकन फंक आणि सोल. दोन्ही एकाच फळीवर शोभतात. कल्याणजी-आनंदजींच्या ‘अपराध’ (१९७२) आणि ‘डॉन’ (१९७८) मधले तुकडे ब्लॅक आइड पीज या अमेरिकन हिप-हॉप गटाने २००५ मध्ये एका गाण्यात वापरले आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. तिकडे १९७१ चा आयझॅक हेजचा ‘शाफ्ट’ हाही मुळात चित्रपटाचाच साउंडट्रॅक.

आता मुद्द्याचं. ‘आपल्याकडची जुनी प्रेसिंग (म्हणजे रेकॉर्डची छपाई) खराब, कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यातल्या रेकॉर्ड खरखरतातच’ हे वाक्य रेकॉर्ड घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. इतके महिने धुतल्यावर माझं ठाम मत आहे की त्यातली बरीचशी खरखर प्रेसिंगची नसून मळाची आणि बुरशीची असते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरायला लागते, आणि ठाण्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा त्याहून कोरडी क्वचितच असते. अशा कितीतरी पावसाळ्यांत माळ्यावर पडलेल्या रेकॉर्डला न धुता नावं ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

नौपाड्यात आमच्या शेजारच्या काकांनी माळा आवरताना ‘हरे रामा हरे कृष्णा’ची एलपी काढली आणि म्हणाले, “तुलाच ठेव गं, आमच्याकडे आता वाजवायला काही नाही.” उजेडात तिरकी धरली तर पृष्ठभागावर पांढुरके ठिपके, कडेकडे दाट. ‘दम मारो दम’च्या सुरुवातीचं भूपिंदर सिंगांचं गिटार ठिपक्यांच्या आवाजाखाली पार दबलेलं. पहिल्या धुण्यात पाणी चहाच्या रंगाचं झालं. पाणी बदलून पुन्हा धुतली, रात्रभर वाळवली. सकाळी सुई टेकवली तर तारेवरचा प्रत्येक आघात सुटा सुटा ऐकू आला, आणि आशाबाईंचा आवाज येण्याआधीची ती धुंद जागा मोकळी झाली होती. काकांना बोलावून ऐकवलं. ते दोन्ही बाजू संपेपर्यंत उठले नाहीत.

‘शाफ्ट’च्या वापरलेल्या प्रतीवरही तसाच फरक पडला. शीर्षकगीतात आधी विली हॉलची हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी), मग स्किप पिट्सचं वा-वा गिटार (पायाच्या पेडलने ‘वा-वा’ असा आवाज काढणारं), आणि गायला सुरुवात व्हायला अडीच मिनिटांहून जास्त वेळ. हाय-हॅटचा तो बारीक, सलग ठोका आणि धुळीची टिकटिक दोन्ही वरच्या पट्टीत असल्यामुळे मळकी प्रत ऐकताना ताल विस्कटल्यासारखा वाटतो. धुतल्यावर तो पाण्यासारखा सरळ वाहतो.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर. नळाचं नकोच. घोडबंदरकडच्या मैत्रिणीकडे टँकरचं पाणी येतं, त्याचे बादलीवर पांढरे थर बसतात. तेच खाचांत बसणार. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा. सोबत आलेलं द्रावण मोजकंच घाला आणि नंतर दुसऱ्या भांड्यात नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने विसळा. माहितीपत्रकात विसळणं लिहिलेलं नाही, पण न विसळलेल्या रेकॉर्डवर सुईच्या टोकाशी चिकट गोळा जमतो. वाळवायला भांड्यांचा स्टँड उत्तम, पंखा मात्र बंद. ओल्या खाचांवर धूळ लगेच बसते. आणि धुतलेली रेकॉर्ड जुन्या बुरशीच्या कागदी पाकिटात परत घालू नका. नवं पॉलिथिनचं पाकीट घ्या, पीव्हीसीचं नको, त्याने विनाइलवर डाग पडतात.

तक्रारी आहेत. एक रोलर दिवाळीच्या सुमारास ढिला झाला, तेव्हापासून रेकॉर्ड एका बाजूला झुकते आणि लेबलवर थेंब येतात. ब्रश तेवढ्यातच दबले आणि सुटे ब्रश महाग आहेत. सात इंची रेकॉर्डसाठी रोलर हलवताना तो जागेवर नीट बसत नाही.

धुऊन जे जात नाही तेही ओळखता आलं पाहिजे, विशेषतः चोर बाजारात पैसे मोजण्याआधी. आडव्या ओरखड्याची टिक ठरावीक अंतराने येते, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीला दर १.८ सेकंदांनी. मळाची टिकटिक कशीही, कुठेही येते. आणि जुन्या प्लेअरच्या जड सुईने खाच झिजलेली असेल तर वरच्या पट्टीतला आवाज फाटतो, सर्वांत आधी रेकॉर्डच्या त्या बाजूवरच्या शेवटच्या गाण्यात, कारण आतल्या खाचा सुईखालून हळू सरकतात. ओरखडा आणि झीज दोन्हींवर या यंत्राचा काही उपयोग नाही. पहिल्या लक्षणावर मी किंमत पाडून घेते, दुसऱ्यावर रेकॉर्ड खाली ठेवते.

७८ गतीच्या रेकॉर्ड असतील तर वेगळी काळजी घ्या. आपल्याकडे त्या साठच्या दशकातही निघत होत्या, बीटल्सच्यासुद्धा. त्या लाखेच्या आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. द्रावणाच्या बाटलीवर अल्कोहोल लिहिलेलं असेल तर ते पाणी त्यांना लावू नका.

संग्रह वीस-पंचवीस रेकॉर्डचाच असेल तर मऊ ब्रश आणि दोन थाळ्यांत काम भागेल. माळ्यावरच्या पेट्या उघडणार असाल तर हे यंत्र घ्या, आणि सुटे ब्रश त्याच ऑर्डरमध्ये मागवा.