दीड-दोन वर्षांच्या मुलांचा दंत-संच: घेण्यासारखं काय आणि बाजूला ठेवण्यासारखं काय

दात येणाऱ्या मुलांसाठी जे तयार संच मिळतात, त्यांत बहुधा चार वस्तू असतात: बोटावर चढवायचा सिलिकॉनचा ब्रश, घोड्याच्या नालेसारखा वाकवलेला ब्रश, फ्लोराइड नसलेली पेस्ट आणि एक छोटा साधा ब्रश. आमचं मत विचाराल तर यातला साधा ब्रश तेवढा ठेवा आणि पेस्ट वेगळी घ्या.

बोटावरचा ब्रश अगदीच टाकाऊ नाही. सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे पुढचे दात येतात, तेव्हा तोंडात काहीतरी फिरतं याची सवय व्हायला तो बरा. पण त्याचे दाते जाड आणि विरळ असतात. कीड धरते ती दात हिरडीला मिळतो त्या रेषेवर आणि दाढांच्या खाचांत, आणि नेमकं तिथेच हे दाते पोचत नाहीत. शिवाय तेरा ते एकोणीस महिन्यांच्या दरम्यान पहिल्या दाढा येतात. त्यानंतर मोठ्या माणसाचं बोट आणि वर सिलिकॉन एवढं सगळं तोंडात मागे घातलं की मुलाला उमासा येतो, नाहीतर ते कडाडून चावतं. चावून सिलिकॉन फाटतं आणि त्याचा तुकडा घशात जाऊ शकतो. वापरायचाच असेल तर दर वेळी ताणून बघा, बारीकशी चीर दिसली तरी फेकून द्या.

नालेच्या आकाराचा ब्रश मात्र घेऊच नका. या वयात प्रत्येकाच्या जबड्याची रुंदी वेगळी, काही दात अर्धे वर आलेले, काही आलेलेच नाहीत. एकाच साच्यात ते बसणार कसे? त्यात आपण कुठे घासतोय हे मुळीच दिसत नाही आणि हिरडीजवळची रेषा तशीच राहते.

पेस्टच्या बाबतीत आमचा आक्षेप जास्त गंभीर आहे. ‘गिळली तरी चालेल’ असं लिहिलेल्या पेस्टमध्ये बहुधा फ्लोराइड नसतं, म्हणजे कीड रोखणारा मुख्य घटकच गायब. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१४ पासून पहिला दात दिसताच फ्लोराइडची पेस्ट वापरायला सांगितलं आहे. नळीवर १००० पीपीएम (पेस्टच्या दहा लाख भागांत फ्लोराइडचे हजार भाग) लिहिलेलं शोधा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. तांदळाएवढी पेस्ट साधारण ०.१ ग्रॅम भरते, म्हणजे त्यात फ्लोराइड ०.१ मिलिग्रॅम. तेवढं गिळलं गेलं तरी घाबरायचं कारण नाही. रोज जास्त पेस्ट पोटात जात राहिली, तर आतून तयार होणाऱ्या कायमच्या दातांवर पांढरे डाग येऊ शकतात. म्हणून पेस्ट मोठ्यांनीच लावायची आणि ती ब्रिसल्समध्ये दाबून बसवायची. वर ठेवलेला ठिपका मूल आधी चोखून घेतं. नळी हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

आता साधा ब्रश. डोकं दोन दातांएवढं, ब्रिसल्स मऊ, टोकं गोल केलेली. संचांतल्या बऱ्याच ब्रशांची खोट दांड्यात असते: तो मुलाच्या मुठीसाठी आखूड आणि गुबगुबीत केलेला असतो, पण घासायचं असतं आपण, निदान सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. लांब दांड्याचा ब्रश वेगळा मिळाला तर तोच घ्या आणि आखूड दांड्याचा मुलाच्या हातात द्या, त्याला चावायला.

घासताना मुलाचं डोकं मांडीवर घ्या, तोंड वर. एका बोटाने वरचा ओठ उचला. ओठाच्या आत मधोमध हिरडीला जोडणारी एक पातळ पट्टी असते. ब्रश तिच्यावर आपटला की चांगलंच दुखतं, आणि ‘ब्रश बघितला की रडतो’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं. ओठ उचललेलं बोट त्या पट्टीवरच आडवं ठेवा, म्हणजे ती झाकली जाते. सुरुवात वरच्या पुढच्या दातांपासून, ब्रश हिरडीकडे तिरका धरून, बारीक गोल फिरवत. खालच्या दातांना जीभ आणि लाळ सांभाळते. तोंडात बाटली ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे दात मात्र आधी किडतात. मग दाढा, त्यांचा वरचा पृष्ठभाग मागेपुढे. शेवटी फेस थुंकायला लावा किंवा ओल्या फडक्याने टिपा. चूळ नको, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. दिवसातून दोनदा, आणि रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी.

दोन दाढा एकमेकींना चिकटल्या की मधल्या फटीत कुठलाच ब्रश जात नाही. तिथे दांडीवर ताणलेला फ्लॉस, म्हणजे फट साफ करायचा बारीक धागा, लागतो, आणि तो या संचांत नसतो. ब्रश तीन महिन्यांनी बदला, ब्रिसल्स फाकल्या तर त्याआधीच.

महिन्यातून एकदा वरचे पुढचे दात फडक्याने कोरडे करून उजेडात बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरट रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते. ओल्या दातावर ती दिसत नाही. या टप्प्यावर कीड थांबवता येते, म्हणून दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात जा. रेघ नसली तरी पहिली तपासणी मूल वर्षाचं व्हायच्या आत झालेली हवी.