मॉर्गन्स वंडरलँड हे मनोरंजन पार्क, सॅन अँटोनिओ (टेक्सास): मार्च ते ऑक्टोबर, नऊ फेऱ्यांनंतरचा अनुभव

आमची लेक नऊ वर्षांची आहे, वजन २४ किलो. सेरेब्रल पाल्सीमुळे चारही हातपाय ताठ, मान धरता येत नाही, जेवण पोटावरच्या जी-ट्यूबमधून. ऐकू मात्र छान येतं, आणि तोंडावर वारा आला की ती खिदळते. हे आधीच सांगते, कारण ‘व्हीलचेअरची सोय आहे’ या वाक्याचा अर्थ मुलागणिक बदलतो. हातांवर जोर देऊन खुर्चीतून सीटवर सरकू शकणाऱ्या मुलासाठी केलेली सोय आमच्या कामाची नसते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या, नावाजलेल्या पार्कात गेलो होतो. त्या दिवशी तिला किती वेळा उचललं ते नवऱ्यानं मोजलं होतं: चौदा वेळा. खुर्चीतून राइडच्या सीटवर, सीटवरून परत खुर्चीत. एका राइडला चाळीस मिनिटं रांगेत थांबलो. आमची पाळी आली तेव्हा कळलं की तिला स्वतःहून ताठ बसता यायला हवं. तिथूनच मागे फिरलो. धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता. त्यानं विचारलं, “ताईचं काय चुकलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर नियम वाचले तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेतला अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा. त्याखालच्या २०१० च्या मानकांप्रमाणे नव्या राइडवर तीनपैकी एक गोष्ट असली की पुरते: व्हीलचेअर उभी राहील अशी जागा, किंवा सरकून बसता येईल अशी सीट, किंवा सरकायला मदत करणारं साधन. म्हणजे खुर्चीसह आत नेणारी जागा एकाही राइडवर नसली तरी पार्क नियमात बसू शकतं. शिवाय खऱ्या धोक्यावर आधारलेल्या सुरक्षेच्या अटी घालायची मुभा आहेच, आणि ती असायलाही हवी. पण या सगळ्यात स्वतः सरकू न शकणारं मूल आईबापांच्या पाठीवर येतं. तेव्हापासून कुठेही जायचं तर मी आधी एकच प्रश्न विचारते: हिला खुर्चीतून न काढता आत घेता का? रांगेतल्या सवलतीचं नंतर बघू.

मॉर्गन्स वंडरलँडमध्ये बहुतेक ठिकाणी याचं उत्तर ‘हो’ आहे. पूर्वी घरं बांधण्याच्या व्यवसायात असलेले गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या अपंग मुलीच्या, मॉर्गनच्या नावानं हे पार्क उभारलं. २०१० साली, एका जुन्या खाणीच्या जागेवर, २५ एकरांत. सुट्टीत हॉटेलच्या तलावात मॉर्गन इतर मुलांशी खेळायला गेली आणि ती मुलं पाण्यातून निघून गेली, त्यावरून ही कल्पना त्यांच्या मनात आली. अपंग व्यक्तीला प्रवेश फुकट. बाकीच्यांनी तिकीट काढायचं.

आम्ही ऑस्टिनला राहतो, तिथून साधारण दीड तासाचा रस्ता. पहिल्या फेरीत मी नेहमीसारखी उचलताना आधार म्हणून कमरेला पट्टा बांधून गेले होते. पहिलंच मेरी-गो-राउंड. त्याचा तळ जमिनीच्या पातळीत आहे, खुर्ची सरळ आत जाते. आत व्हीलचेअरसाठी रथ आहेत, आणि घोडे वरखाली होतात तसे तेही होतात. मला वाटलं होतं, खुर्ची एका कोपऱ्यात अडकवतील आणि ती नुसती गोल फिरेल. ती वर गेली तेव्हा तिचा चेहरा आधी घाबरला, मग खाली येताना मोठ्यानं आवाज निघाला. धाकटा शेजारच्या प्राण्यावर बसून ओरडत होता, “ताई, आता मी वर!” मी बाहेर उभी होते, हात मोकळे. नऊ वर्षांत तिच्या कुठल्याही खेळात माझे हात मोकळे नव्हते. काय करावं ते सुचेना, म्हणून फोटो काढला. तो हललेला आला.

आगगाडी, ऑफ-रोड गाडी, आकाशपाळण्यासारखं फिरणारं व्हर्लिंग वंडर, सगळीकडे खुर्चीसह. आगगाडी तिची सगळ्यात लाडकी. नऊ फेऱ्यांत किती वेळा बसलो ते मोजायचं सोडून दिलं. सेन्सरी व्हिलेज हा बंदिस्त, थंड भाग आहे. धाकटा तिथल्या खोट्या दुकानात खरेदी करतो, तेवढ्यात आम्ही हिला सावलीत भरवून घेतो. मोठे रोलर कोस्टर इथे नाहीत, त्यामुळे किशोरवयीन भावंडं असतील तर त्यांना आधीच सांगून आणा.

पाण्याचा भाग, मॉर्गन्स इन्स्पिरेशन आयलंड, २०१७ मध्ये सुरू झाला आणि फक्त उन्हाळ्यात चालतो. इथे तिला उचलावं लागतं, पण दोनदाच: आपल्या खुर्चीतून त्यांच्या पाण्यात चालणाऱ्या खुर्चीत आणि परत. त्यासाठी वेगळी आडोशाची जागा आहे, त्यामुळे घाई होत नाही. त्या खुर्च्यांत एक प्रकार दाबलेल्या हवेवर चालतो, बॅटरीच नाही. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर तो तयार केला आहे. ज्या मुलाला जॉयस्टिक धरता येते त्याला पाण्यात स्वतः फिरता येतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे! आमची ढकलायच्या खुर्चीत बसते. तिच्या मानेला आणि छातीला वेगळा आधार लागतो, तो आम्ही घरून नेतो: मानेभोवतीची फोमची गुंडाळी, छातीचा पट्टा आणि दोन टॉवेल. थेरपिस्टकडून हे आधी बसवून घ्या, तिथे पोचून प्रयोग करू नका. थंड पाण्यानं तिचं अंग आखडतं, म्हणून आम्ही रेनबो रीफ सोडून दुसरीकडे जात नाही. तिथलं पाणी कोमट असतं. दहा-पंधरा मिनिटांनी मुठी सैल पडतात. जुलैत एकदा तिनं पाण्याच्या धारेखाली हात उघडा ठेवला. मी आणि नवरा काही न बोलता बघत राहिलो.

आता अडचणी. त्या पार्कच्या नाहीत, टेक्सासच्या उन्हाच्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८ च्या पुढे जातो, आणि आमच्या लेकीला झटके येतात ते उन्हानं वाढतात. ऑगस्टमध्ये आम्ही एकदाच गेलो आणि बारा वाजता परत निघालो. दार उघडायच्या वेळेला पोचायचं, पाण्यात आधी, गाडी-झोके नंतर, हा क्रम आम्हाला तिसऱ्या फेरीत सापडला. खुर्चीच्या रेक्झिनवर सुती चादर घाला, उन्हात तापलेला भाग मांडीला लागला तर तिला सांगता येत नाही. फॉर्म्युला, म्हणजे नळीतून द्यायचं तिचं पातळ अन्न, बर्फाच्या डब्यात. जी-ट्यूबचं जादा बटण (पोटावरच्या भोकात बसणारा भाग) पिशवीत हवंच, कारण ते निघालं तर पोटावरचं भोक काही तासांत बुजू लागतं. झटक्याचं तातडीचं औषध माझ्या खांद्यावरच्या पिशवीत असतं, गाडीत कधीच ठेवत नाही. आणि निघण्यापूर्वी वेळापत्रक बघा. पार्क हंगामी आहे, रोज उघडं नसतं.

मनगटाला बांधायचे पट्टे मिळतात, त्यावरून घरातलं कोण कुठे आहे ते पार्कात कळतं. धाकट्यामुळे आम्हाला त्याचा जास्त उपयोग झाला.

सप्टेंबरात सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. लेक जन्मली तेव्हाही त्या आल्या होत्या, पण ती अकरा आठवडे नवजात अतिदक्षता विभागात होती आणि आईंनी तिला काचेतूनच पाहिलं. बारसं झालंच नाही. घरी आली तेव्हा नळ्या, औषधं, रात्री-बेरात्रीची धावपळ. पाळणा कोणी आणलाच नाही.

इथे व्हीलचेअरचे झोके आहेत. खुर्ची सपाट फळीवर चढवायची, अडकवायची, दार लावायचं. मी नेहमीसारखी पुढे झाले, तर आई म्हणाल्या, “थांब, मी देते.” लुगड्याचा पदर खोचला आणि झोका दिला, अगदी हळू. मग जरा जोरात. लेकीची मान गुंडाळीवर टेकलेली, तोंड उघडं, वारा आला तशी हसली. आईंनी तिचं नाव घेतलं. परत झोका, परत नाव. मागे कोणी थांबलं नव्हतं. नवरा म्हणाला, “आई, दमशील, बस आता.” त्या म्हणाल्या, “नऊ वर्षांचा राहिलाय.”